प्रकाशन टिपा

संगणक प्रणालीची नवी आवृत्ती खुली करताना तिच्यातील बदलांची जी लेखी माहिती वापरकर्त्यांना दिली जाते, तिला प्रकाशन टिपा किंवा रिलीज नोट्स म्हणतात. बदल नोंदवताना विकासक जो मजकूर लिहितात, तो कमिट संदेश होय. अनेक प्रकल्पांत टिपांचा कच्चा मसुदा या संदेशांवरूनच तयार होतो.

पद्धत

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या गिट या प्रणालीत प्रत्येक आवृत्तीला टॅग नावाची खूण लावता येते. दोन खुणांमधील संदेश एकत्र काढले जातात. त्याच काळात केलेला आणि मागे घेतलेला बदल असल्यास त्याच्या दोन्ही नोंदी वगळाव्या लागतात. उरलेल्या नोंदी नव्या सुविधा, दोषदुरुस्ती आणि जुन्या वापराशी विसंगत बदल अशा गटांत मांडतात. 'कन्व्हेन्शनल कमिट्स' या संकेतानुसार संदेशाच्या आरंभीच बदलाचा प्रकार लिहिला जातो. त्यामुळे ही वर्गवारी यंत्राकडूनही करवून घेता येते.

मर्यादा

कमिट संदेश सहकारी विकासकासाठी असतो, तर टीप वापरकर्त्यासाठी. त्यामुळे संदेशांची केवळ जंत्री टिपांचे काम करू शकत नाही. ग्नू प्रकल्पाच्या नियमांत हा भेद स्पष्ट आहे: बदलांची तपशीलवार नोंद 'चेंजलॉग'मध्ये, तर वापरकर्त्याला जाणवणारे बदल 'न्यूज' या वेगळ्या फाइलमध्ये देतात.

मीडियाविकी आणि मराठी

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिचा विकास २०१२ पासून गिटवर होतो. तिच्या टिपांची फाइल मूळ संकेतासोबतच ठेवलेली असते व विकासक महत्त्वाच्या बदलाबरोबरच तीत नोंद करतात. विकिमीडियाच्या संकेतस्थळांवर चढवल्या जाणाऱ्या साप्ताहिक आवृत्त्यांच्या याद्या मात्र कमिट संदेशांवरून आपोआप बनतात.

कळा, सूचना इत्यादींची मराठी भाषांतरे स्वयंसेवक ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर करतात. ती इतर भाषांच्या भाषांतरांसह एका सांगकाम्यामार्फत, ठरावीक साच्याच्या संदेशाखाली समाविष्ट होतात. टिपांच्या भाषाविषयक विभागातही नव्या किंवा काढलेल्या भाषा आणि तक्रारींवरून झालेले बदल एवढेच नोंदवले जातात. परिणामी एखादा मराठी शब्द बदलला, तर तो बदल संदेशातही दिसत नाही आणि टिपांतही येत नाही. त्यासाठी मराठी संदेशांच्या फाइलचा इतिहास किंवा ट्रान्सलेटविकीवरील त्या संदेशाचा इतिहास पाहावा लागतो.