जिरंड, कंपॅरेटिव्ह आणि आपली लढाई



जांभूळहून अंबरनाथला जा, बदलापूरला जा की उल्हासनगरला, 'फाडफाड इंग्रजी बोला' अशा जाहिराती दिसतातच. मराठी शाळेत शिकलेली आपली मुले कष्टाचे पैसे भरून या क्लासला जातात. बोलण्याची भीती जावी ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. माझा आक्षेप आहे तो 'व्याकरण विसरा, बिनधास्त बोला' या सल्ल्यावर. ज्यांच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे त्यांना व्याकरण विसरणे परवडते, आपल्याला नाही. आपल्या समाजासाठी इंग्रजी ही मुलाखतीची भाषा होण्याच्या कितीतरी आधी अर्जाची, साक्षीची आणि कायद्याची भाषा होती.

जरा इतिहास पाहा. जून १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. सरकारने तो नाकारला. एका मुलाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील आणि शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही, असे कारण दिले. १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे बजावले. कागदावर दार उघडले, गावात ते बंदच राहिले.

याच काळात पुण्यात सावित्रीमाई १८५४ च्या 'काव्यफुले'मधून इंग्रजी शिका असे सांगत होत्या. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'ला इंग्रजी प्रस्तावना जोडली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे आपले निवेदन इंग्रजीतच मांडले. बटलरची नोकरी केलेल्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये महारांना लष्करात आणि पोलिसांत घ्यावे म्हणून थेट भारतमंत्र्यांकडे इंग्रजी अर्ज पाठवला. यांपैकी कोणीही इंग्रजी मिरवण्यासाठी शिकले नव्हते. ज्याच्या हाती सत्ता होती त्याला उत्तर देता यावे, म्हणून ते शिकले.

आणि बाबासाहेब? सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. आधी नियम, मग शब्द, मग मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचे मराठी, अशी त्या पाठमालेची रीत. शाळेत संस्कृतचे दार बंद झाले तेव्हा बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. इंग्रजीचा पाया मात्र बापाने घरीच पक्का केला होता, आणि तोही मराठीच्या आधाराने. हे विसरू नका.

त्याच रीतीने आज दोन धडे घेऊ.

पहिला धडा जिरंडचा. मराठीत 'पाणी पिणे', 'पाणी पिताना', 'पाणी पिणारा' ही रूपे वेगवेगळी आहेत. इंग्रजीत तिन्हीकडे 'ड्रिंकिंग' येऊ शकते, म्हणून आपला गोंधळ होतो. ओळखायची खूण सोपी आहे. '-इंग'च्या जागी मराठी '-णे' बसले तर तो जिरंड, म्हणजे क्रियेचे नाव. त्याला जोडून आलेल्या शब्दांसह तयार होते ती जिरंड फ्रेज. 'ड्रिंकिंग वॉटर फ्रॉम द टँक इज अवर राइट', म्हणजे तळ्याचे पाणी पिणे हा आमचा हक्क आहे. इथे 'ड्रिंकिंग'पासून 'टँक'पर्यंतचा सगळा भाग मिळून एक कर्ता होतो, म्हणूनच पुढे एकवचनी 'इज' आले. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर आपले लोक गेले ते याच एका क्रियेसाठी. तिचा निकाल उच्च न्यायालयातून यायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

आता अ‍ॅट्रॉसिटी कायदा उघडा. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३(१)(झेड-ए) इंग्रजीत वाचा. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला कोणत्या गोष्टींपासून अडवणे हा गुन्हा आहे, त्याची यादी तिथे जिरंडांनीच केली आहे. 'यूझिंग' म्हणजे नदी, विहीर, तळे, नळ, स्मशान वापरणे. 'रायडिंग' म्हणजे सायकल, मोटारसायकल चालवणे. 'वेअरिंग' म्हणजे चपला, नवे कपडे घालणे. 'टेकिंग आउट' म्हणजे लग्नाची वरात काढणे. 'एंटरिंग' म्हणजे प्रार्थनास्थळात शिरणे. गावोगाव आपल्याला जे जे करू दिले नाही, ते या यादीत एकेका क्रियेच्या नावाने नोंदले आहे. म्हणून तक्रार लिहिताना 'वाद झाला' एवढ्यावर थांबू नका. काय करताना अडवले, ती क्रिया नाव घेऊन लिहा. केंद्रीय कायद्याचा अधिकृत मसुदा आणि उच्च न्यायालयाचे कामकाज घटनेच्या कलम ३४८ नुसार मुळात इंग्रजीत आहे. तिथे दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर किती दिवस विसंबायचे?

दुसरा धडा तुलनेचा. मराठीत 'पेक्षा' लावले की काम होते, विशेषण तसेच राहते. 'रामपेक्षा उंच' म्हणताना 'उंच' बदलत नाही. इंग्रजीत विशेषणच बदलते. 'टॉल'चे 'टॉलर' होते आणि पुढे 'दॅन' येते. लांब विशेषणाआधी 'मोअर' येते, जसे 'मोअर इम्पॉर्टंट'. दोन्ही एकदम लावून 'मोअर टॉलर' म्हणणे चूक. बरोबरी सांगायची तर विशेषण मूळ रूपात ठेवून दोन्ही बाजूंना 'अ‍ॅज' लावायचे, 'अ‍ॅज टॉल अ‍ॅज'.

जातिव्यवस्था या 'दॅन'वरच उभी आहे. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. इथे नुसते वरचे आणि खालचे असे दोन गट नाहीत. प्रत्येक जातीला आपल्यापेक्षा खालची एक जात दाखवलेली आहे, आणि त्या समाधानात ती वरच्याचा जाच सोसते. म्हणूनच पिळले जाणारे एक होत नाहीत. वर सांगितलेल्या कलमात 'इक्वली विथ अदर्स' हे शब्दही आहेत. म्हणजे इतरांच्या बरोबरीने. आपली मागणी या शब्दांत आहे. कोणापेक्षा वर चढणे हे आपले ध्येय कधीच नव्हते.

म्हणूनच इंग्रजीची नवी उतरंड आपण मान्य करू नये. 'कॉन्व्हेंटवाला' मराठी शाळेतल्या आपल्याच भावाला हसतो, तेव्हा तो मनुवादी तुलनाच करत असतो. महाराष्ट्राने २००० मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. तरी पदवीधर पोरगा अर्ज लिहिताना अडखळत असेल, तर दोष त्याच्या बुद्धीचा कसा? त्याला पाया कोणी घालून दिला, हे आधी विचारा.

काही मित्र उत्तर प्रदेशातल्या बांका गावाचे उदाहरण देतात. तिथे २०१० मध्ये 'इंग्रजी देवी'चे मंदिर उभारायला घेतले होते. त्यामागची तळमळ मी समजू शकतो, मार्ग मात्र पटत नाही. मूर्तीपुढे हात जोडून कोणाला व्याकरण आले आहे? रामजीबाबांनी पोराला पाठमाला दिली होती. आणि इंग्रजीत ग्रंथ लिहिणाऱ्या त्याच पोराने पुढे 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत काढले. समाजाशी मराठीत, सत्तेशी इंग्रजीत, ही त्यांची वाट होती.

तेव्हा क्लासला जरूर जा, पण बुद्धविहारात आठवड्यातून एक तास एकत्रही बसा. वर सांगितलेले कलम इंग्रजीत फळ्यावर लिहा. त्यातले जिरंड शोधा, प्रत्येकाचे मराठी करा, मग ते मराठी वाचून पुन्हा इंग्रजीत लिहा. ज्याला आधी जमेल त्याने शेजारच्याला शिकवावे. चुकणाऱ्याला कोणी हसू नये.

जय भीम! जय संविधान!