'संगीतरत्नाकरा'तील खंडमेरू : स्वरक्रमांचे गणित

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला शार्ङ्गदेव 'श्रीकरणाधिप', म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख होता. 'संगीतरत्नाकरा'च्या स्वरगताध्यायातील तानप्रस्तार वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतल्यास ५०४० क्रम होतात. 'स रि ग म प ध नि' पासून 'नि ध प म ग रि स' पर्यंत ते ओळीने मांडण्याचा नियम त्याने दिला आहे. परंतु खरे कौतुक खंडमेरूचे. या कोष्टकाच्या प्रत्येक स्तंभातून एकेक अंक घेऊन बेरीज केली की तानेचा अनुक्रमांक मिळतो, हे 'उद्दिष्ट'. अनुक्रमांकावरून तान शोधणे हे 'नष्ट'. प्रत्येक स्तंभातील तळाचे अंक १, १, ४, १८, ९६, ६०० व ४३२० असे आहेत. त्यांची बेरीज बरोबर ५०४०, आणि तीच अखेरची तान. सर्व ओळी लिहून काढण्याची गरजच उरत नाही. छप्पन्न मूर्च्छना धरता पूर्ण कूटतानांची संख्या २,८२,२४० होते. इतक्या ताना कोणी गात नसे, हे उघड आहे.

यावरून शार्ङ्गदेवाला संगणक-संगीताचा जनक ठरविण्याचा मोह मात्र टाळावयास हवा. १९५७ साली इलिनॉय विद्यापीठात हिलर व आयझॅक्सन यांनी 'इलियाक सूट' सिद्ध केली, तेव्हा यंत्राने यदृच्छया काढलेले स्वर नियमांच्या चाळणीतून घेतले गेले. म्हणजे निवडही यंत्राकडे गेली. शार्ङ्गदेवाची रीत केवळ मोजते. रागांचा विचार त्याने पुढील रागविवेकाध्यायात स्वतंत्रपणे केला आहे, आणि तेथे खंडमेरू येत नाही.