एसक्यूलाइटचं आउटपुट नीट कसं वाचायचं?

तुमच्या अँड्रॉइड किंवा आयफोनमधली बरीच ॲप्स आपली माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात. शिकायचं असेल तर टर्मक्स ॲपमध्येही तो इन्स्टॉल होतो. पण पहिली क्वेरी चालवली की अनेकदा असं काहीतरी दिसतं:

सचिन|५०|
मीना|१२०|

यातला ५० म्हणजे रुपये की वय? आणि शेवटी रिकामं का? साधारणपणे एसक्यूलाइट कॉलमची नावं न देता फक्त उभी रेघ मारून माहिती दाखवतं. खालच्या आज्ञांनी हे बदलता येतं. त्या इंग्रजी अक्षरांत, सुरुवातीला टिंब देऊन टाइप करा. शेवटी अर्धविराम लागत नाही.

.मोड बॉक्स : माहिती चौकटीत येते, वर कॉलमची नावंही दिसतात. ही सोय २०२० मध्ये आलेल्या ३.३३ आवृत्तीपासून आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर '.हेडर्स ऑन' आणि '.मोड कॉलम' वापरा. मराठी मजकुरात चौकटीच्या रेषा थोड्या वाकड्या दिसू शकतात. डेटा बिघडलेला नसतो.

.मोड लाइन : फोनच्या अरुंद स्क्रीनवर चौकट तुटते. अशा वेळी हा मोड बरा. प्रत्येक कॉलम 'नाव = किंमत' असा वेगळ्या ओळीवर येतो.

.नलव्हॅल्यू : ही सगळ्यात महत्त्वाची. 'नल' म्हणजे माहिती भरलेलीच नाही, आणि रिकामा मजकूर म्हणजे भरली पण कोरी. एरवी दोन्ही सारखेच दिसतात. मग 'इज नल' लावून उधारी न फेडलेले मित्र शोधले, तर कोरी नोंद असलेले यादीतून चक्क गळतात! या आज्ञेपुढे 'नल' लिहा, म्हणजे न भरलेल्या जागी तो शब्द दिसेल.

रोज टाइप करायचा कंटाळा येतो?

होम फोल्डरमध्ये '.एसक्यूलाइटआरसी' नावाची फाइल बनवून या आज्ञा एकेका ओळीवर लिहून ठेवा. एसक्यूलाइट सुरू होताना त्या आपोआप लागू होतात.

एक लक्षात ठेवा : या आज्ञांनी फक्त दिसणं बदलतं, आतला डेटा तसाच राहतो. त्यामुळे बिनधास्त करून बघा. आउटपुट एक्सेलमध्ये न्यायचं असेल, तर मात्र चौकट नको, '.मोड सीएसव्ही' वापरा.