पेटी उघडून बघण्याचा इतिहास

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. ऑफिसात एक रिलीज डोक्यावर होतं आणि भर दुपारी नळदुर्गहून दादाचा फोन आला. "अरे, माश्या समद्या बाहेर येऊलाल्यात. चालल्या का काय निघून?"

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. बोरी नदीच्या अंगाला त्याचं तीन एकर रान आहे. तूर, थोडी करडई, आणि एका तुकड्यात हट्टाने लावलेलं सूर्यफूल. एके काळी आमच्या त्या पट्ट्यात, म्हणजे धाराशिव-लातूर-सोलापूरकडे, सूर्यफुलाची रानंच्या रानं पिवळी दिसायची. आता शोधावी लागतात. सूर्यफुलाला दाणा भरायला माश्या लागतात हे कुठेतरी ऐकून दादा आठवड्याभराचं प्रशिक्षण घेऊन आला, आणि येताना सातेरी मधमाश्यांच्या दोन वसाहती घेऊन आला. मामाचं मत एका वाक्याचं होतं, "म्हशी पाळतेत, शेरडं पाळतेत, माश्या कोण पाळतंय?"

घरात शिकलेला आणि फोन उचलणारा असा मीच असल्यामुळे दादाच्या सगळ्या काळज्या माझ्याकडे यायला लागल्या. राणी आहे की नाही? मुंग्या चढल्या तर? पाक पीत नाहीत, आजारी आहेत का? आता मला मधमाशीतलं ओ की ठो कळत नाही. पण सॉफ्टवेअरवाल्याला प्रत्येक प्रश्नावर एकच औषध ठाऊक असतं : लक्ष ठेवा, नोंदी करा. मी त्याला सांगितलं, रोज सकाळी पेटी उघड, चौकटी काढून बघ, वहीत लिही, फोटो पाठव. नवीन सर्व्हर लावल्यावर आपण हेच करतो की!

या सल्ल्याचं काय झालं ते पुढे येईलच. पण त्या निमित्ताने मी दोन-तीन वीकांत वाचत बसलो, आणि लक्षात आलं की पेटी उघडून आत बघणं ही तशी अगदी अलीकडची सोय आहे.

माणूस मध हजारो वर्षं खातोय, पण पोळ्याच्या आत काय चालतं हे त्याला फारसं दिसतच नव्हतं. आपल्याकडे धूर करायचा, पोळं कापायचं, पिळायचं. युरोपात गवताच्या विणलेल्या टोपल्यांत माश्या ठेवत आणि मध काढायच्या वेळी पुष्कळदा गंधकाचा धूर देऊन अख्खी वसाहत मारून टाकत. दरवर्षी मारायच्याच माश्यांची काळजी कोण करणार?

आत नीट डोकावणारा पहिला मोठा माणूस आंधळा होता, ही इतिहासाची गंमत. फ्रान्स्वा ह्यूबर, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचा, जन्म १७५०. दृष्टी तरुणपणीच गेली. त्याने पुस्तकाच्या पानांसारखं उघडणारं पोळ्याचं खोकं बनवलं. त्याचा नोकर बर्नेन्स एकेक पान उघडून बघायचा आणि सांगायचा, ह्यूबर प्रश्न विचारायचा. १७९२ साली त्यांची निरीक्षणं पुस्तकरूपाने आली. राणीचं मीलन पोळ्याबाहेर, हवेत होतं हे या जोडीने दाखवून दिलं.

पण खरी कलाटणी मिळाली १८५१ मध्ये. अमेरिकेत फिलाडेल्फियाला लँगस्ट्रॉथ नावाचे एक पाद्री होते. त्यांच्या पेटीची अडचण म्हणजे माश्या झाकण आणि भिंती मेणाने, डिंकाने चिकटवून टाकायच्या. त्यांच्या लक्षात आलं की साधारण तीन-अष्टमांश इंचाची फट ठेवली तर माश्या ती ये-जा करायला मोकळी सोडतात. फट मोठी झाली की तिथे जास्तीचं पोळं बांधतात, लहान झाली की डिंकाने लिंपून टाकतात. मग त्यांनी चौकटीच्या चारी बाजूंना एवढीच फट ठेवली. चौकट अलगद उचलता यायला लागली. १८५२ मध्ये पेटंट मिळालं, १८५३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आज जगातल्या बहुतेक मधपेट्या या एका फटीच्या हिशोबावर उभ्या आहेत.

जाता जाता : त्याच १८५३ साली निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे दिला आणि 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर कारभारी म्हणून नळदुर्गला आला. तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचं ठाणं होतं. ही पेटी मात्र आमच्या गावात पोचायला बराच काळ जायचा होता. असो.

हिंदुस्थानात सुरुवात केली ती पोस्ट-तार खात्यातल्या जॉन डग्लस या साहेबाने. १८८४ मध्ये त्याने इथल्या मधमाशीपालनावर एक पुस्तिकाही काढली. खरी मेख होती माशीची. विलायती पेटी विलायती माशीच्या मापाची. आपली सातेरी तिच्याहून लहान, तिची पोळी लहान, फटही लहान. १९११ ते १९१७ च्या दरम्यान तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनी आपल्या माशीच्या मापाची छोटी पेटी बनवली आणि खेड्यातल्या लोकांना शिकवली. पुढे १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला, त्यातही मधमाश्या होत्या. चाळीसच्या दशकात महाबळेश्वरच्या जंगलपट्ट्यात सातेरीचं काम उभं राहिलं. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं, ते याच परंपरेतून.

मापाचा प्रश्न सुटला, स्वभावाचा राहिला. युरोपातल्या माशीला लांब हिवाळा साठवलेल्या मधावर काढावा लागतो. घर सोडलं की मेली. आपल्याकडे बारा महिने कुठे ना कुठे काहीतरी फुललेलं असतं. त्यामुळे सातेरीला त्रास झाला, मुंग्या आल्या, मेणकिडा लागला, चारा संपला, की ती सरळ घर सोडून निघून जाते. मधपाळ याला घरस्थलांतर म्हणतात. साठच्या दशकात पंजाबात युरोपियन मेलिफेरा माशी यशस्वीपणे रुजवली गेली, तिचं एक मोठं आकर्षण हेच होतं की ती टिकून राहते, आणि मधही जास्त देते. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिणेतल्या सातेरीच्या बहुतांश वसाहती संपवल्या, तेव्हा पुष्कळ मधपाळ मेलिफेराकडे वळले.

आता परत नळदुर्ग.

दादाच्या दोन पेट्यांपैकी एक प्रशिक्षणातून आणलेली, मापाची. दुसरी त्याने पैसे वाचवायला गावातल्या सुताराकडून करून घेतली होती. सुताराने हिशोबाने केली, फक्त "जरा हवा खेळू द्या" म्हणून झाकणाखाली आणि भिंतींकडे बोटभर जागा सोडली. लँगस्ट्रॉथचा नियम माश्यांना पाठ असतोच. त्यांनी त्या बोटभर जागेत पोळं बांधलं आणि चौकटी भिंतीला जोडून टाकल्या. आणि माझ्या सल्ल्यानुसार दादा रोज सकाळी पेटी उघडत होता. म्हणजे रोज त्यांचं रात्रभराचं काम तुटत होतं, मध सांडत होता, सांडलेल्या मधाला मुंग्या लागत होत्या. वहीत मात्र नोंदी चोख!

अकराव्या दिवशी सकाळी पेटी रिकामी. चौकटींवर पोळी तशीच, मधाचा टिपूस नाही, माशी एकही नाही. दादाने फोन केला तेव्हा तो फार काही बोलला नाही. "गेल्या रे," एवढंच. मागून मामाचा आवाज आला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मग दादाने प्रशिक्षणात भेटलेल्या एका जुन्या मधपाळाला गाठलं. ते म्हणाले, नवीन पेटीत डोकं घालायचं नाही, दारात बसायचं. माश्या पायांना परागाचे गोळे घेऊन आत जातायत ना? मग बहुतेक राणी अंडी घालतेय. दुपारी ऊन पडलं की दहा-पंधरा मिनिटं माश्यांचा घोळका दाराकडे तोंड करून हवेत झुलतो, त्या निघून जात नसतात. तरुण माश्या पहिल्यांदा बाहेर पडून घराची खूण पटवत असतात. दार लहान ठेवा, पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागतात, तेवढा दम धरा.

म्हणजे पहिल्या फोनच्या वेळी दादाला जे दिसलं, ती चांगलीच खूण होती. आणि मी त्यावर उपाय सांगत बसलो होतो!

परवा नळदुर्गला जाऊन आलो. उरलेली पेटी तुरीच्या बांधावर, लिंबाच्या सावलीत आहे. दादा सकाळी चहाचा पेला घेऊन पेटीच्या बाजूला, चार हात लांब, दगडावर बसतो आणि मिनिटाला किती माश्या पराग घेऊन शिरतात ते मोजतो. वही तीच, पण पेटी दहा-बारा दिवसांतून एकदाच उघडतो. सुताराची पेटी घरी आहे, तिच्यात आतून पट्ट्या मारून फट कमी केलीय.

आता पुढची काळजी उन्हाळ्याची. पोळ्याच्या आत पिल्लांसाठी माश्या तापमान ३४-३५ अंशांवर धरून ठेवतात. बाहेर त्याच्या वर गेलं की पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. आमच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. बोरीचं पाणी सांडव्यांवरून कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. दादाने पेटीजवळ एका पसरट मडक्यात पाणी आणि खडे ठेवलेत, माश्यांना बसून पिता यावं म्हणून. म्हणाला, "आपलाबी पाणीमहाल."

मडक्यात पाणी कोण भरतं विचारलं, तर म्हणे मामा.