फुल फ्रेम की क्रॉप सेन्सर? कॅमेरा घेण्याआधी हे गणित समजून घ्या

शिमग्याच्या रात्री रत्नागिरीत ग्रामदेवतेची पालखी नाचते, ढोल घुमतात, गुलाल उडतो आणि गर्दीत एकाच वेळी कित्येक मोबाइल वर होतात. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बरेच फोटो हललेले, उरलेले दाणेदार. अशाच एखाद्या रात्रीनंतर ठरतं, आता चांगला कॅमेरा घ्यायचाच.

मग चौकशी सुरू होते आणि एक सल्ला हमखास मिळतो : ‘घ्यायचाच तर फुल फ्रेम घे, क्रॉप सेन्सर म्हणजे शिकाऊ लोकांचा.’ सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. घेणाऱ्याची मात्र वर्षभराची बचत जाते किंवा मागे हप्ते लागतात. त्यामुळे हा फरक नेमका काय आहे आणि तो कुठे दिसतो, हे आधी समजून घेतलेलं बरं.

सेन्सर म्हणजे काय आणि ‘फुल’ म्हणजे किती?

फिल्मच्या कॅमेऱ्यात लेन्समधून येणारा प्रकाश फिल्मवर पडायचा. डिजिटल कॅमेऱ्यात तो सेन्सरवर पडतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. हे माप डिजिटल काळातलं नाही. सिनेमाची ३५ मिमी फिल्म छोट्या कॅमेऱ्यात वापरण्याची कल्पना जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाकने प्रत्यक्षात आणली, १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि २४ × ३६ मिमी ही चौकट जगभर रूढ झाली. तिलाच पुढे ‘फुल फ्रेम’ म्हटलं जाऊ लागलं.

डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणं फार महाग होतं. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे सेन्सर कमी निघतात आणि त्यातले जास्त वाया जातात. म्हणून १९९९ च्या निकॉन डी१ मध्ये लहान सेन्सर होता. या मापाला एपीएस-सी म्हणतात. निकॉन, सोनी, फुजीफिल्म यांच्या कॅमेऱ्यांत ते साधारण २३.५ × १५.६ मिमी असतं, कॅननमध्ये थोडं लहान, साधारण २२.३ × १४.९ मिमी. कॅननने २००२ मध्ये ईओएस-१डीएस हा फुल फ्रेम कॅमेरा आणला, २००५ मध्ये त्यापेक्षा स्वस्त ५डी आला आणि फुल फ्रेम हळूहळू सामान्य फोटोग्राफरच्या टप्प्यात आलं.

१.५ चा गुणाकार

लेन्स तीच ठेवली आणि सेन्सर लहान केला, तर चित्राचा फक्त मधला भाग टिपला जातो. कडा कापल्या जातात म्हणून ‘क्रॉप’. हे प्रमाण निकॉन, सोनी, फुजीत १.५ आणि कॅननमध्ये १.६ आहे. म्हणजे क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स लावली, तर फुल फ्रेमवर ७५ मिमीची लेन्स दाखवेल तेवढंच दृश्य दिसतं. लेन्स मात्र ५० मिमीचीच राहते.

मोठ्या सेन्सरचा खरा फायदा काय?

फुल फ्रेमचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या जवळपास २.४ पट असतं. अंगणात पाऊस पडताना ताट ठेवलं आणि वाटी ठेवली, तर पाऊस सारखाच, पण ताटात पाणी जास्त जमतं. तसंच इथे होतं. एकाच शटर स्पीडला आणि एकाच अॅपर्चरला फुल फ्रेमवर एकूण प्रकाश २.४ पट जमतो, म्हणून अंधारात दाणे कमी दिसतात. एकाच पिढीतले दोन कॅमेरे घेतले, तर क्रॉपवर आयएसओ २८०० ला जेवढे दाणे दिसतील, साधारण तेवढे फुल फ्रेमवर आयएसओ ६४०० ला दिसतात.

दुसरा फायदा मागची पार्श्वभूमी धूसर करण्याचा. क्रॉपवरची ५० मिमी एफ/१.८ लेन्स दृश्याच्या आणि धूसरपणाच्या हिशेबाने फुल फ्रेमवरच्या ७५ मिमी एफ/२.७ सारखी वागते. दोन्ही कॅमेऱ्यांवर एफ/१.८ लेन्स लावून चौकट सारखीच ठेवली, तर फुल फ्रेमवर पार्श्वभूमी जास्त विरघळते.

पण हाच फायदा लेन्सही देते

कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ/५.६ पर्यंत आवळते. साधी एफ/१.८ प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली लेन्स, तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत सोडते. सेन्सर बदलून २.४ पट आणि लेन्स बदलून दहापट, हे या विषयातलं सर्वात महत्त्वाचं गणित.

पालखीवर ते लावून पाहू. समजा क्रॉप कॅमेरा, किट लेन्स एफ/५.६ आणि आयएसओ ६४००. मिळालेला शटर स्पीड १/४० सेकंद. नाचणारी माणसं हललेली येणार.

आता किट लेन्ससकट फुल फ्रेम घेतला. दाणे तेवढेच चालवून घेतले तर आयएसओ २.४ पट वाढवता येतो आणि शटर स्पीड साधारण १/१०० वर जातो. सुधारणा आहे, पण पालखी उसळली की हात, चेहरे पुसटच.

तिसरा पर्याय, जुनाच क्रॉप कॅमेरा आणि नवी ३५ मिमी एफ/१.८ लेन्स. शटर स्पीड जवळजवळ १/४००. पालखी जागीच गोठते. झूम मात्र मिळत नाही, गर्दीत पुढे-मागे सरकावं लागतं.

अर्थात फुल फ्रेमवर एफ/१.८ लेन्स लावली तर निकाल याहून चांगला येईल. प्रश्न एवढाच की बॉडी घेतल्यावर त्या लेन्ससाठी पैसे उरतात का.

रत्नागिरीतले आणखी तीन फोटो

कातळशिल्पं : राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती जांभ्यात कोरलेला आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. तिथे उजेड भरपूर असतो. आयएसओ १०० आणि एफ/८ ला दोन्ही सेन्सरचे फोटो शेजारी ठेवले तर फरक ओळखणं कठीण जातं. फोटो ठरतो तो वेळेवर. भरदुपारी खोदकाम सपाट दिसतं. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपी किरणं आली की खाचांत सावली बसते आणि आकृती उठून येते. लेन्स मात्र वाइड हवी. फुल फ्रेमवरची १६ मिमी जेवढं दाखवते, तेवढ्यासाठी क्रॉपवर साधारण १० ते ११ मिमीची लेन्स लागते.

वेळासची कासवं : मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या सुमारास समुद्रात सोडली जातात. ती उजेडाकडे ओढली जात असल्याने फ्लॅश किंवा टॉर्च वापरायचा नसतो. लोकांना अंतरावर थांबावं लागतं. म्हणजे उजेड कमी, विषय लहान आणि तोही लांब. इथे फुल फ्रेमचा उपयोग होतो, पण सोबत मोठ्या अॅपर्चरची टेलिफोटो लेन्स असेल तरच.

देवराईतला धनेश : देवरुख-संगमेश्वर भागात उंच झाडांवर धनेश दिसतो, तोही लांबून. ४०० मिमीची लेन्स क्रॉपवर ६०० मिमीएवढं दृश्य देते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तीच लेन्स लावून फोटो तेवढाच कापला, तर हातात साधारण १० मेगापिक्सेल राहतात. क्रॉप कॅमेऱ्यात पूर्ण २४ मिळतात. लांबचे पक्षी टिपणारे बरेच जण क्रॉप बॉडी ठेवतात, त्याचं कारण हेच.

फोटो शेवटी कुठे पाहिला जाणार?

२४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० पिक्सेल रुंद असतो. ३०० डीपीआयने छापला तर तो २० इंच रुंद होतो. इन्स्टाग्रामवर तोच फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंदीला येतो आणि फोनच्या पडद्यावर दाण्यांमधला बराचसा फरक मिटून जातो. लग्नाचे अल्बम, मोठे प्रिंट, अंधारातली कामं पैसे घेऊन करायची असतील, तर हा फरक ग्राहकाच्या हातात जातो. तिथे फुल फ्रेमवर केलेला खर्च भरून येऊ शकतो.

वजन, खर्च आणि बुरशी

सिग्माची क्रॉप सेन्सरसाठीची १८-५० मिमी एफ/२.८ लेन्स साधारण २९० ग्रॅम भरते. सोनीची फुल फ्रेमची २४-७० मिमी एफ/२.८ जीएम २ साधारण ६९५ ग्रॅम. दोघींची झूम जवळपास सारखंच दृश्य देते. मोठ्या लेन्समध्ये प्रकाश आणि धूसरपणा जास्त मिळतो, पण वजन आणि किंमतही तशीच वाढते.

‘आधी क्रॉप लेन्स घेऊ, मग फुल फ्रेम बॉडी’ असा विचार असेल तर थांबा. आजच्या मिररलेस बॉडीवर त्याच माउंटची क्रॉप लेन्स बसते, पण कॅमेरा कडा कापून फोटो देतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० ते ११ होतात. कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या ईएफ-एस लेन्स तर त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. पुढे फुल फ्रेमवर जायचं नक्की असेल, तर लेन्स फुल फ्रेमच्या घ्याव्यात. त्या क्रॉप बॉडीवरही चालतात.

कोकणात आणखी एक खर्च धरावा लागतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर पावसाळ्यात बुरशी धरते. सेन्सर कोणताही असो, ती सारखीच येते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा किंवा ड्राय कॅबिनेट हे पहिल्या खरेदीतच धरा. जुनी लेन्स घेत असाल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून काच आरपार पाहा. जाळ्यासारखे धागे दिसले तर ती घेऊ नका.

मग कोणी काय घ्यावं?

- पहिलाच कॅमेरा, बेताचं बजेट, फोटो मुख्यतः सोशल मीडियावर : क्रॉप बॉडी आणि एक एफ/१.८ प्राइम.
- पक्षी, वन्यजीव, भटकंती : क्रॉप बॉडी, उरलेले पैसे टेलिफोटोत.
- सडे, किल्ले, समुद्र, दिवसा उजेडी : दोन्ही चालतील. ट्रायपॉड आणि वाइड लेन्स आधी.
- लग्नं, रात्रीचे कार्यक्रम, मोठे प्रिंट आणि त्यातून कमाई : फुल फ्रेम, पण किमान एका चांगल्या लेन्सचे पैसे बाजूला ठेवूनच.

हातात क्रॉप कॅमेरा आधीपासून असेल, तर बॉडी विकण्याआधी एफ/१.८ लेन्स घेऊन एक शिमगा काढून पाहा. त्यानंतरही फोटो दाण्यांमुळेच अडत असतील, तर फुल फ्रेमची गरज खरी आहे.