पुस्तकातली ॲनेट : अमेरिकी मूकपट आणि स्थलांतरित इटालियन तरुणी

रेजिनाल्ड बार्कर दिग्दर्शित 'द इटालियन' (१९१५) हा मूकपट एका वाचनाने सुरू होतो. पडदा सरतो आणि उंची पोशाखातील एक गृहस्थ आपल्या अभ्यासिकेत निवांतपणे पुस्तक उघडतो. पुस्तकाचे नाव 'द इटालियन'. लेखक म्हणून निर्माते टॉमस इन्स व पटकथाकार सी. गार्डनर सलिव्हन यांची नावे. त्या पानांतून व्हेनिसचा नावाडी बेप्पो अवतरतो. गृहस्थ आणि बेप्पो या दोन्ही भूमिका जॉर्ज बेबन या एकाच नटाच्या आहेत. अखेरीस पुस्तक मिटले जाते.

हलक्या समजल्या जाणाऱ्या माध्यमाला ग्रंथाची प्रतिष्ठा देणे हा या चौकटीचा उघड हेतू. तिचा दुसरा परिणाम मात्र अधिक लक्षणीय आहे. बेप्पोला पुस्तकाबाहेर एक सुस्थित, वाचणारे प्रतिरूप लाभते. त्याची प्रेयसी ॲनेट (क्लारा विल्यम्स) हिला ते नाही. ती पूर्णतः पुस्तकातलीच आहे.

कथानक या विषमतेला पुष्टीच देते. ॲनेटचा बाप बेप्पोला मुदत घालतो. तो न्यूयॉर्कला जाऊन बूटपॉलिश करतो आणि पैसे साठताच तिला बोलावून घेतो. लग्न होते, मुलगा होतो. उन्हाळ्याच्या काहिलीत बाळ आजारी पडते. त्याला निर्जंतुक दूध हवे असते. दुधाचे पैसे लुटले जातात, मारामारीपायी बेप्पो तुरुंगात पडतो आणि इकडे मूल दगावते. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस यांनी गरिबांच्या मुलांसाठी अशा दुधाची केंद्रे १८९३ पासूनच चालवली होती. म्हणजे आपत्ती कल्पित असली तरी तिचे कारण वस्तीतल्या प्रत्येक आईच्या परिचयाचे होते. असे असूनही पुढची सारी नैतिक उलथापालथ – वस्तीतल्या राजकीय पुढाऱ्याच्या आजारी मुलीवर सूड उगवण्याचा बेत आणि ऐनवेळी हात आखडणे – बापाच्या वाट्याला येते. आईच्या शोकातून कथेला कोणतेही वळण मिळत नाही. चित्रपटाची ही उणीव त्याच्या अस्सल कारुण्यानेही झाकली जात नाही.

ॲनेट घराच्या उंबरठ्याआड राहते, हेही इतिहासाशी ताडून पाहण्यासारखे आहे. त्या काळी न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांत इटालियन तरुणी मोठ्या संख्येने राबत होत्या. २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन स्थलांतरित तरुणी होत्या. अवघ्या चार वर्षांनी आलेल्या या चित्रपटातील इटालियन स्त्री मात्र केवळ पत्नी आणि माता आहे.

तरुणीला नायिकापद देणारा चित्रपट पुढच्याच वर्षी आला : सिडनी ऑलकॉटचा 'पुअर लिटल पेप्पिना' (१९१६). मेरी पिकफोर्डची पेप्पिना नको असलेले लग्न चुकवण्यासाठी पुरुषवेष धारण करते आणि जहाजात लपून अमेरिका गाठते. साहस, विनोद, निर्णयशक्ती, सारे तिच्यापाशी आहे. पण ती इटालियन नाही! बालपणी पळवून नेलेली ती एका धनाढ्य अमेरिकी कुटुंबाची कन्या आहे. म्हणून तिचे स्थलांतर हे वस्तुतः स्वगृही परतणेच ठरते. कर्तृत्व हवे तर रक्त अमेरिकी हवे, असा हा अलिखित करार होय.

मूकपटात उच्चार ऐकू येत नाहीत. परकेपणाची ही ठळक खूण मिटवण्याची संधी त्या माध्यमाला आपोआप मिळाली होती. 'द इटालियन'ने ती घेतली नाही. बेप्पोची मोडकी इंग्रजी अक्षरपाट्यांवर मुद्दाम चुकीच्या वर्णलेखनाने छापली गेली. चित्रपटाचे मूळ नाव 'द डेगो' असे इटालियनांना हिणवणारे होते. बेबनच्या आग्रहाने ते बदलले गेले, पाट्यांची इंग्रजी तशीच राहिली.

या पाट्या वाचणार कोण? चौकटीतील उत्तर ठरलेले आहे : अभ्यासिकेतला गृहस्थ. स्थलांतरितांच्या वस्त्यांतील चित्रगृहांत मात्र शाळेत इंग्रजी शिकलेली मुले आईबापांना पाट्या मोठ्याने वाचून दाखवीत. तिथे एखाद्या मुलीने बेप्पोची ती वेडीवाकडी इंग्रजी नीट करून, आईच्या बोलीत सांगितली असेल, तर त्या खेळापुरते पुस्तक गृहस्थाच्या हातून सुटलेले असणार.