घोट्याच्या सांध्याची कथा

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांतील अंजूर या गांवाचें नांव गंगाजी नाईक अंजूरकर यांच्यामुळें मराठ्यांच्या इतिहासांत कायम झालें आहे. पोर्तुगीज अंमलाखालीं गांजलेल्या रयतेचें गाऱ्हाणें नाईक बंधूंनीं पेशव्यांच्या कानीं घातलें. १७३७ सालीं वसईची मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं तो किल्ला सर केला. सुरुंग उडाले, तट ढासळले, निशाण चढलें. ही विजयाची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. परंतु अशा वेढ्यांतून जे शिपाई पाऊल मोडून भाताच्या बांधावर परतले, ते पुढें कसे चालले, याविषयीं बखरी सहसा मौन धरतात.

मोडलेलें हाड कालांतरानें जुळतें. सांध्याचें तसें नाहीं. नडगीचें हाड, तिच्या शेजारचें बारीक हाड आणि त्यांच्या खोबणींत बसणारें टाचेवरील हाड, या तिघांचा मिळून घोटा होतो. चालतांना या लहानशा जागेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. गुडघ्याचा संधिवात पुष्कळदां केवळ वयोमानानें येतो. घोट्याचा बहुधा जुन्या दुखापतीनें येतो. तरुणपणीं पाय मुरगळला किंवा मोडला, तो बराही झाला. पण हाडांवरील गुळगुळीत कूर्चा झिजत राहिली आणि वीस-तीस वर्षांनीं प्रत्येक पावलागणिक कळ येऊं लागली, असा हा क्रम आहे.

यावर शल्यविद्येनें प्रथम जो उपाय काढला, तो सांधाच नाहींसा करण्याचा होता. १८८० च्या सुमारास ऑस्ट्रियाचे एडुआर्ड आल्बर्ट यांनीं सांध्याचीं हाडें एकमेकांस कायमचीं जोडून टाकण्याची क्रिया रूढ केली. हालचाल गेली कीं वेदनाहि गेली, हें त्यामागील सरळ तत्त्व होय. १९५१ सालीं इंग्लंडांत जॉन चार्न्ली यांनीं हाडें दाबून धरून जोडण्याची सुधारलेली रीत मांडली. रोगी वेदनेवांचून चालूं लागे. मात्र पाऊल लवत नसे, आणि त्याचा भार शेजारच्या सांध्यांवर पडून वर्षानुवर्षांनीं तेहि झिजूं लागत.

याच चार्न्ली यांनीं १९६२ सालीं धातु आणि पॉलिएथिलीन यांचा खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी करून दाखविला. जें खुब्यास साधलें तें घोट्यास कां साधूं नये, असा प्रश्न साहजिकच निघाला. १९७० सालीं फ्रान्समध्यें लॉर्ड व मारोत या शल्यविशारदांनीं खुब्याच्याच नमुन्यावरून, जणुं तो उलटा करून, घोट्याचा सांधा बसविला. पुढें त्यांच्या २५ शस्त्रक्रियांचा हिशेब निघाला, तेव्हां समाधानकारक केवळ ७ ठरल्या आणि १२ साफ फसल्या. इतरांच्या नमुन्यांचीहि गत फारशी निराळी नव्हती. घोटा म्हणजे लहान खुबा नव्हे, हा धडा रोग्यांच्या पायांवर शिकावा लागला, ही या इतिहासांतील कटु गोष्ट आहे. पुष्कळांनीं हा नाद सोडून हाडें जोडण्याचाच मार्ग पुन्हा धरला.

नाद न सोडणाऱ्यांत डेन्मार्कचे हाकोन कोफोड हे एक होते. त्यांनीं १९७८ पासून आपला नमुना सुधारीत नेला. वर धातु, खालीं धातु आणि मध्यें सरकणारी पॉलिएथिलीनची चकती, अशी तिहेरी रचना त्यांतून सिद्ध झाली. २००९ सालीं तिला अमेरिकेंतहि मान्यता मिळाली. तथापि वाद मिटला असें नाहीं. इंग्लंडांत ३०३ रोग्यांवर दोन्ही रीतींची तुलना करून २०२२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एका वर्षानंतर दोन्ही गटांचें चालणें पुष्कळ सुधारलें होतें, आणि दोहोंत निर्णायक असा फरक आढळला नाहीं. म्हणून कोणती रीत कोणास योग्य, हें वय, हाडांची स्थिति आणि नित्याचें काम पाहूनच ठरवावें लागतें.

शस्त्रक्रियेनंतरचें काम सर्वस्वी रोग्याचें असतें. पहिले कांहीं आठवडे पाय उंच ठेवणें, प्लास्टर किंवा आधाराचा बूट वापरणें आणि शल्यविशारदाच्या आज्ञेशिवाय पायावर भार न देणें, हें पथ्य कडक पाळावें लागतें. मग कुबड्या, मग काठी, मग सपाट जमिनीवर मोजकीं पावलें. जिना चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना शस्त्रक्रियेचा पाय आधीं. सूज कित्येक महिने राहते. पुरता आराम पडण्यास वर्षहि लागतें. नवा सांधा वेदना हरतो, पण पूर्वीं गेलेली लवचिकता सहसा सगळी परत देत नाहीं. उकिडवें बसून जेवणें-धुणें करणाऱ्या आपल्या समाजांत हें आधींच स्पष्ट सांगितलेलें बरें. नाहींतर यशस्वी शस्त्रक्रियाहि घरच्यांस फसल्यासारखी वाटते.

महाराष्ट्रास पावलांच्या पुनर्वसनाची परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धांतील जायबंदी शिपायांसाठीं १९४४ सालीं पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघालें. १९५५ सालीं मुंबईंत हाजीअलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. वसईच्या शिपायास जें लाभलें नाहीं, तें पुढील पिढ्यांस असें लाभलें. किल्ला एका निकराच्या हल्ल्यांत पडतो. चालणें मात्र रोज चार पावलें अधिक टाकूनच परत मिळवावें लागतें.